डिझेल पितं कोण?

आपल्याकडे माणूस पगार थोडा कमी करून सांगतो आणि गाडीचं ॲव्हरेज थोडं वाढवून. पगाराची थाप समजण्यासारखी आहे, पाहुणे उसने मागतील अशी भीती असते. ॲव्हरेजच्या थापेतून कुणाला काय मिळतं हे मात्र आजवर उलगडलेलं नाही. लग्नाच्या मांडवात दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की तिसरं वाक्य ‘किती देते?’ हेच असतं. उत्तर ऐकून समोरचा ‘आमची तर त्याहून जास्त देते’ म्हणतो, आणि दोघंही समाधानानं जिलेबी घेतात.

पिकअपच्या धंद्यात ही थाप दोन्ही बाजूंनी मारली जाते. मालक म्हणतो, गाडी चौदाचं ॲव्हरेज देते. ड्रायव्हर म्हणतो, अकराच्या वर गेली तर मिशी काढून ठेवीन. मधलं डिझेल गेलं कुठं, यावरून जुन्नर, नारायणगाव, आळेफाट्याच्या पट्ट्यात होतात तेवढी भांडणं आता बांधावरूनही होत नसतील. बांध निदान जागेवर असतो, मोजता येतो.

या पट्ट्यात पिकअप म्हणजे कुठली गाडी हे विचारायचं नसतं. दोन-अडीच लिटरचं डिझेल इंजिन, पुढं केबिन, मागं हौदा, हौद्यात टोमॅटोची कॅरेट. एका कॅरेटात 20 किलो माल. कागदावर गाडीची ताकद सव्वा ते दोन टनांची, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. प्रत्यक्षात ती ताकद टोमॅटोच्या भावावर ठरते. भाव असला की गाडीला आणखी वीस कॅरेट सहज झेपतात, भाव पडला की आरटीओचा नियम आठवतो.

डिझेलचा हिशोब जुळेना की मालकाचा संशय ठरावीक क्रमानं फिरतो. पहिला संशय कॅनवर, म्हणजे ड्रायव्हरनं पाच लिटर काढून विकलं. दुसरा पंपावर, म्हणजे मापात पाप. तिसरा इंजिनावर. मग गाडी मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री बॉनेट उघडून खाली वाकतो, बराच वेळ काही बोलत नाही, आणि शेवटी ‘नोझल बघावे लागतील’ म्हणतो. नोझल बघण्याचे पैसे होतात. ॲव्हरेज तेवढंच राहतं. चौथा संशय ड्रायव्हरच्या उजव्या पायावर. तिथवर पोचेपर्यंत टोमॅटोचा हंगाम संपलेला असतो.

कंपनीचा आकडा खोटा असतो असं मालक आणि ड्रायव्हर दोघंही एकमतानं सांगतात. त्या दोघांचं एकमत होण्याची ही एकच जागा, आणि तीही चुकीची. आकडा खरा असतो, फक्त तो वेगळ्या जगातला असतो. पुण्यात वेताळ टेकडीवर 1966 साली स्थापन झालेली एआरएआय नावाची संस्था आहे. गाड्यांचं ॲव्हरेज मोजणाऱ्या चाचण्या होतात तिथं चाकं रोलरवर फिरतात आणि गाडी जागेवर उभी असते. चालवणाऱ्यापुढं पडद्यावर एक रेघ सरकत असते आणि तिच्याबरोबर वेग राखायचा असतो. कमाल वेग ताशी 90. शहरी भागाच्या चाचणीत थांबलेली गाडी 50 वर न्यायला वेळ दिलेला आहे 26 सेकंद.

सव्वीस सेकंद! आळेफाट्याच्या चौकातून कुणी सव्वीस सेकंदांत पन्नासवर गेला तर मागच्या गाड्यांतली माणसं खाली उतरतील आणि ‘धक्का देऊ का?’ असं आपुलकीनं विचारतील. रोलरवर वरात आडवी येत नाही, मेंढरांचा कळप येत नाही, आणि मुख्य म्हणजे सरपंच येत नाही.

सरपंच यासाठी, की गतिरोधक त्यांच्या कारकिर्दीची आठवण असते. समाजमंदिराला निधी मिळाला नाही, पण गतिरोधक झाला. आधीच्या सरपंचाचा शाळेपुढं असेल तर नव्याचा देवळापुढं. विरोधी गटाची वस्ती अलीकडे असेल तर तिथंही एक, म्हणजे अन्याय व्हायला नको. वर पांढरे पट्टे मारायचे राहून गेलेले असतात, त्यामुळे रात्री तो दिसत नाही, लागतो.

अशा रस्त्यावरून पिकअप चालवणारा तेवीस-चोवीसचा पोरगा जवळून पाहण्यासारखा असतो. गतिरोधकावरून मागचं चाक उतरतं न उतरतं तोच उजवा पाय खाली. इंजिन बोंबलतं, मागून काळा धूर निघतो, दुसरा, तिसरा, चौथा गिअर, काटा साठवर. पोराच्या चेहऱ्यावर आपण कुठंतरी निघालोय असा भाव. इतक्यात पुढचा गतिरोधक. आता तोच पाय ब्रेकवर. हौद्यातली कॅरेट एकदम पुढं सरकून केबिनला धडकतात, तळातल्या टोमॅटोची वाटेतच चटणी होते. स्पीकरमधलं गाणं तेवढं न थांबता चालू असतं. गतिरोधक ओलांडला की पुन्हा पहिल्यापासून. दोन गतिरोधकांमधलं अंतर असतं पाव किलोमीटर.

आता याचा हिशोब मांडू, कारण तो कुणी मांडत नाही. भरलेली गाडी साधारण 3 टनांची धरा. ती थांबलेल्या अवस्थेतून ताशी 60 वर न्यायची तर तिच्यात सव्वाचार लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा भरावी लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 3 कोटी 60 लाख ज्यूल असतात, पण त्यातला जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. बाकीचा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवा तापवायला जातो. भागाकार केला की उत्तर येतं साधारण 45 मिलीलिटर. म्हणजे टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासात मावेल एवढं डिझेल. लिटरला 90 रुपये धरले तर चार रुपये.

चार रुपयांचं डिझेल जळलं याचं दुःख नाही. ते जळून गाडीला वेग मिळाला, आणि तो वेग पुढं किलोमीटरभर कामाला आला असता. पोरानं पाव किलोमीटरवर ब्रेक दाबला आणि त्या चार रुपयांनी ब्रेकचे ड्रम तापवले. तेवढी एक कटिंग रस्त्यावर ओतली. दोन गतिरोधकांमध्ये साठऐवजी तिशीतच राहिला असता तर? वेग निम्मा केला की ही ऊर्जा निम्मी होत नाही, पाव होते. चार रुपयांच्या जागी एक रुपया. आणि साठवर जाऊन मिळालेला वेळ? दोन गतिरोधकांमागे फार तर दहा सेकंद.

लोक म्हणतात, रेस केली की डिझेल जातं. खरा खादाड ब्रेक आहे, रेस नुसती वाढपी. हे कुणाला पटत नाही, कारण रेस केली की आवाज येतो, धूर निघतो, पाप डोळ्यांनी दिसतं. ब्रेक बिचारा गुपचूप असतो. उलट तो सुरक्षेचा, संस्काराचा भाग. ब्रेक मारणाऱ्याला आजवर कुणी उधळ्या म्हटलेलं नाही.

रेस करणाराही निर्दोष नाही. पाय एकदम तळाला नेला की टर्बोची हवा पोचायच्या आत डिझेल पोचतं, पुरतं जळत नाही आणि काळा धूर होऊन बाहेर पडतं. त्या धुरातून आपलेच पैसे उडत असतात. शिवाय प्रत्येक गिअर तीन-साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत ताणला की इंजिनाची बरीच मेहनत स्वतःलाच फिरवण्यात जाते. पण रस्ता पुढं मोकळा असेल तर जरा जोमानं वेग घेऊन लवकर वरच्या गिअरमध्ये जाण्यात काहीच तोटा नाही. डिझेल इंजिनाला दीड ते दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांच्या दरम्यान बऱ्यापैकी ओझं ओढायला दिलं की ते खूश असतं.

हे सांगायचं कारण दुसरा नमुना. साठीचे तात्या. यांनी डिझेल वाचवण्याचं व्रत घेतलेलं असतं. पाय ॲक्सिलरेटरवर टेकवतात तोही माफी मागत. गाडी तिशीत आली की पाचवा गिअर, कारण ‘वरच्या गिअरात कमी पितं’ हे त्यांनी 1980 च्या सुमारास कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. गाडी थरथरते, आरसा थरथरतो, आरशाला बांधलेली लिंबू-मिरची थरथरते. तात्या शांत. चढ आला की इंजिन गुदमरतं, मग तात्यांना पाय तळापर्यंत दाबावा लागतो, तरी गाडी वेग घेत नाही, मग दोन गिअर खाली आणि मोठा भोंगा. वाचवलेलं सगळं त्या एका चढावर फिटतं. मागं एसटी, दोन ट्रक आणि एक नवरदेव अडकलेला असतो.

हेच तात्या चहाला थांबले की गाडी चालू ठेवतात. का? तर ‘परत चालू करायला जास्त डिझेल लागतं.’ ही समजूत एवढी पक्की आहे की तिला हलवायला स्टार्टर मोटर कमी पडेल. असं इंजिन नुसतं उभं राहून धुगधुगत असतं तेव्हा तासाला अर्धा ते एक लिटर पितं. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करणंच स्वस्त. पण तात्यांचा चहा अर्धा तास चालतो, त्यात गावचं राजकारण येतं, आणि बाहेर गाडी मालकाच्या पैशानं ते ऐकत उभी असते.

तिसरा नमुना घाटात भेटतो. माळशेजचा उतार लागला की हा गिअर काढून गाडी न्यूट्रल करतो आणि मांडीवर हात ठेवून बसतो. चेहऱ्यावर फुकटात प्रवास करत असल्याचा आनंद. हिशोब बरोबर उलटा आहे. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि हल्लीची इंजिनं त्या वेळात डिझेल चक्क बंद करतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणून ते पुन्हा पिऊ लागतं. म्हणजे डिझेल वाचवायला जे केलं त्यानंच ते खर्च झालं. वर इंजिनाचा रोध गेला, सगळा भार ब्रेकवर आला, ड्रम तापले, जळका वास आला. तापलेले ब्रेक लागत नाहीत हे कळायला माळशेजची वळणं फार वाईट जागा आहे. विनोदी लेखात धमकी देऊ नये, पण याला द्यावीशी वाटते.

सपाटीवर मुरबाडच्या पुढं रस्ता जरा मोकळा झाला की वाऱ्याचं खातं सुरू होतं. हौद्यावर कॅरेटची थप्पी, वर ताडपत्री, तिचा एक कोपरा सुटून फडफडणारा. वेग 60 वरून 80 वर नेला की हवेचा विरोध पावणेदोन पटींहून जास्त होतो. मालवाहू गाड्यांना 80 च्या वर जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर असतोच. तो फिटनेसच्या दिवशी जोडलेला आणि एरवी काढलेला असतो अशी कुजबुज ऐकू येते, तिच्यावर विश्वास ठेवू नये. सरकारनं 1978 साली तेल वाचवण्यासाठी पीसीआरए नावाची संस्था काढली. तिचा सल्ला आहे, वेग ताशी 45 ते 55 ठेवा. सल्ला उत्तम आहे, आणि रहदारी असेल तिथं आपण तो आपोआप पाळतो.

असा सल्ला अमेरिकेनं एकदा कायदाच करून दिला होता. 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, तेव्हा 1974 च्या जानेवारीत तिथं देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा आली. म्हणजे आपले 88 किलोमीटर. ती पुरती उठायला 1995 उजाडलं, आणि मधल्या काळात तिथल्या लोकांनी ती किती पाळली हे न विचारलेलं बरं. त्या देशात सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत पिकअपचा नंबर वर्षानुवर्षं पहिला लागतो. फरक एवढाच, की तिथं बरेच जण त्या राक्षसी गाडीतून एकटेच जाऊन कॉफी आणतात. आपला पोरगा धूर काढत का होईना, दीड टन टोमॅटो घेऊन निघालेला असतो. एका टोमॅटोमागे जळणाऱ्या डिझेलचा हिशोब काढला तर नारायणगावचा पोरगा साधुपुरुष ठरेल.

आणि त्याच्या घाईला कारण आहे. वाशीच्या मार्केटात पहाटे गाळ्यावर माल लागला पाहिजे. उशीर झाला तर आधी आलेल्या मालावर गिऱ्हाईक भागून जातं आणि आपल्या मालाला उरलेला भाव मिळतो. कॅरेटमागे पन्नास रुपये पडले तर सत्तर कॅरेटचे साडेतीन हजार. त्यापुढं ब्रेकमधले चार-चार रुपये कुणाला दिसणार? फक्त एवढंच, की रात्रभर रेस-ब्रेक खेळत आलेला पोरगा आणि गाणं गुणगुणत एका चालीत आलेला शेजारगावचा ड्रायव्हर शिळफाट्याच्या कोंडीत एकामागं एक उभे असतात. पोरगा पुढं असतो, दोन गाड्यांनी. उशीर रस्त्यावर होतच नाही. तो शेतात होतो, तोडणीला मजूर चार तास उशिरा आले तेव्हाच झालेला असतो, आणि मग तो पोराच्या उजव्या पायानं भरून काढावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

हल्ली मालकांनी यावर उपाय काढलाय, जीपीएसचं यंत्र. जोरात रेस केली की मालकाच्या मोबाइलवर टुंग. जोरात ब्रेक मारला की टुंग. गाडी घाटात असताना मालक घरी उताणा पडून टुंग मोजतो. बायको म्हणते, तो फोन तरी बंद करा नाहीतर ती गाडी तरी विका. सकाळी चौकशी बसते.

“रात्री साडेतीनला ओतूरच्या पुढं एवढा कचकचून ब्रेक का मारला?”

“म्हैस आडवी आली, शेठ.”

“बरं. आणि लगेच एवढी रेस कशाला केली?”

“म्हैस मागं लागली ना!”

यंत्राकडे म्हशीची नोंद नसते. प्रकरण तिथंच मिटतं, आणि त्या रात्रीपासून घाटातल्या म्हशींची संख्या वाढत जाते.

यंत्रानं काही होत नाही, कारण सगळी मेख पाय एकाचा आणि डिझेल दुसऱ्याचं यातच आहे. ड्रायव्हरला पगार ठरलेला, भत्ता खेपेवर. त्यानं दोन लिटर वाचवले तर ते मालकाचे, अर्धा तास उशीर केला तर शिवी त्याची. अशा व्यवहारात पाय हलका ठेवणारा ड्रायव्हर भेटला तर त्याचा सत्कारच करायला हवा. तोच पोरगा उद्या कर्ज काढून स्वतःची गाडी घेतो, तेव्हा पहा. पहिला हप्ता भरला की पाय आपोआप हलका होतो. शंभर मीटर आधी गतिरोधक ओळखून पाय काढतो, गाडी स्वतःच्याच वेगात अलगद पुढं नेतो, ब्रेकला नुसता स्पर्श. चहाला थांबला की पहिली चावी फिरवतो. मधल्या काळात त्यानं ना कुठलं प्रशिक्षण घेतलेलं असतं ना पीसीआरएचं पत्रक वाचलेलं असतं. आणि वर्षभरानं तो दुसरी गाडी घेऊन तिच्यावर ड्रायव्हर ठेवतो, आणि संध्याकाळी पारावर सांगतो, गाडी चौदाचं देते, हा मेला अकरावर आणतो.

विजेवरच्या मालवाहू गाड्या आता येऊ लागल्यात. त्यांत पाय उचलला किंवा ब्रेक दाबला की वाया जाणाऱ्या ऊर्जेतली काही परत बॅटरीत जाते. त्या सगळीकडे पोचतील तोवर डिझेलवाल्या मालकांना एक विनंती. जीपीएसच्या यंत्राचे पैसे वाचवा. महिनाभराचं डिझेल टाकी फुल्ल ते फुल्ल मोजा, ठरलेल्या ॲव्हरेजच्या वर जेवढं वाचेल त्यातलं निम्मं रोख ड्रायव्हरच्या हातात ठेवा, आणि ठेवतानाच सांगा की उशीर झाला तर मी व्यापाऱ्याला तोंड देईन, तू देऊ नकोस. दोन महिन्यांत घाटातल्या म्हशी कमी होतील.

आणि वाचकांना एवढंच, की पुढचा गतिरोधक दिसला की ब्रेककडे जाण्याआधी उजवा पाय नुसता उचलून बघा. चार रुपये तुमचेच आहेत.